समाधानी रहिवासी मोजण्याची पक्की पद्धत

मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (झोपु) इमारतींमधले रहिवासी समाधानी आहेत का, ही पाहणी तुमच्या गळ्यात पडली असेल, तर आधी तारीख धरा. चावीवाटपाचा दिवस उत्तम. मंडप असतो, पेढे असतात, मुख्य म्हणजे लिफ्ट चालू असते. फार तर पहिल्या पावसाळ्याआधी उरका. नंतर वरच्या मोरीचं पाणी खालच्या छतातून ठिबकू लागतं आणि लोक नको ते बोलतात. मोरीखालच्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंगऐवजी डेब्रिज भरलं, नहाणी ट्रॅपचा (मोरीचं पाणी नळीत सोडणाऱ्या भांड्याचा) सांधा नुसत्या सिमेंटने लिंपला, की दुसरं काय होणार? अहवालात मात्र याला 'रहिवाशांचा पाण्याचा बेशिस्त वापर' म्हणावं.

प्रश्न एकच ठेवा: 'आधी झोपडीत होता, आता पक्क्या घरात आहात, समाधानी ना?' जागा पुरते का, हे विचारू नका. त्याऐवजी तक्ता जोडा. 1995 च्या योजनेत घर 225 चौरस फूट, 2008 मध्ये 269, 2018 पासून 300. चढता आलेख सुरेख दिसतो. फक्त तो 225 वाल्यांच्या घरात बसून दाखवू नका.

मुलाखती सर्वात वरच्या मजल्यावर घ्या. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडसारख्या वसाहतीत दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर आहे. तिथे खालच्या मजल्यावर भर दुपारी ट्यूबलाइटशिवाय तुम्हाला तुमचाच फॉर्म दिसणार नाही. खिडकी उघडायला सांगू नका. त्या फटीत वरून कचरा पडतो, खाली ड्रेनेज तुंबलेलं असतं, म्हणून खिडक्या बारमाही बंद; आणि बंद खोलीत क्षयाचे जंतू सुखाने नांदतात. इथल्या इमारतींची दाटी आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास 2018 मध्ये येऊन गेला आहे. तुम्ही खोकल्याचा रकाना ठेवूच नका, तो आरोग्य खात्याचा विषय.

देखभालीचा प्रश्न निघालाच तर 'कॉर्पस, म्हणजे बिल्डरने देखभालीसाठी भरलेला निधी, आहे ना!' म्हणावं आणि आकडेमोड टाळावी. कारण ती फार सोपी आहे. घरटी 40,000 रुपये आणि बँकेचं व्याज सहा टक्के धरलं तर वर्षाला 2,400, म्हणजे महिन्याला घरटी 200. शंभर घरांच्या इमारतीला 20,000. यात लिफ्टचं कंत्राट, पंपाचं आणि जिन्याच्या दिव्यांचं बिल, सफाईवाला, टाकी धुणं. तेही कॉर्पस सोसायटीच्या हाती वेळेवर आला तर! पंपाची मोटर जळाली की वर्गणी, लिफ्टचा दोर झिजला की मोठी वर्गणी. रोजंदारीवाल्याची ती थकते, कॉमन मीटरचं बिल थकतं, वीज कापली जाते, पंप थांबतो, आणि सातव्या मजल्यावर पाणी कॅनने चढतं. हे सारं 'सोसायटीचा अंतर्गत वाद' या एका ओळीत बसतं.

शेजारची बाजारभावाने विकायच्या फ्लॅटांची इमारत त्याच प्लॉटवर, त्याच बिल्डरची असते. तिची लिफ्ट का चालते, असं कुणी विचारलं तर पेन संपलं म्हणावं.

राहिली बंद दारं. काहींनी मेंटेनन्स झेपेना म्हणून घर भाड्याने दिलं आणि स्वतः पुन्हा झोपडीत गेले. अशांना शोधत बसू नका. 'तक्रार नाही' या रकान्यात त्यांची बरोबर खूण करा. टक्केवारी तिथेच सुधारते.