घरी बसलात तर तीन हजार

कर्नाटक सरकारच्या युवानिधीवरून, म्हणजे बेकार पदवीधर-डिप्लोमावाल्यांच्या भत्त्यावरून, परवा ग्रुपवर बरीच जुंपली, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. पदवीधराला महिना 3000, डिप्लोमावाल्याला 1500, जास्तीत जास्त दोन वर्षं. जानेवारी 2024 पासून पैसे खात्यात पडायला लागले. खानापूरकडच्या आतल्या गावातल्या पोराला परीक्षेच्या फीसाठी बापापुढे हात पसरावा लागत नाही, हे कमी नाही.

माझं भांडण एका अटीशी आहे. कुठं अप्रेंटिस लागलात आणि तिथलं वेतन सुरू झालं, की युवानिधी बंद. म्हणजे 'मी अजून बेकार आहे' असं वेळोवेळी लिहून द्या, घरी बसा, पैसे चालू. कारखान्यात जाऊन चार गोष्टी शिका, पैसे बंद! हा कुठला हिशोब?

बरं, इथं बेळगावात शिकण्यासारखं काही नाही असं थोडंच आहे? उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहती आहेत. पंपाची, व्हॉल्व्हची, गाड्यांची कास्टिंगं इथं ओतली जातात. पण फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, डोकावून बघा. साचा भरणारा, भट्टीपुढे घामाघूम उभा असलेला, ग्राइंडर घेऊन फेटलिंग (ओतलेला भाग घासून साफ) करणारा, बरेचसे बिहार-ओडिशाचे. "आपल्या पोरांना काम नको असतं," असं मालक म्हणतात. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ते सांगत नाहीत: डोळ्यानाकात वाळू, पगार ठेकेदाराच्या हातून, आणि पाच वर्षांनीही माणूस हेल्परच. बी.कॉम. झालेला पोरगा त्यापेक्षा खडेबाजारात बिलं फाडत बसतो, त्याचं काय चुकलं?

केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलतंच. त्यावर शिकेपर्यंत युवानिधीही चालू ठेवा ना. मोल्डिंग (साचा भरणं) नको असेल तर सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आहेत, पॅटर्नचं (साच्यासाठीचे नमुने बनवायचं) काम आहे. पोरगं वर्षभर टिकेल तरी.

महाराष्ट्रानंही सीमाभागातल्या, आपला हक्क सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांना आपल्या नोकरभरतीचं दार उघडलंय. त्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, आणि भरती निघाली तर! तोवर निपाणीची पोरं सीमेपलीकडे महाराष्ट्रात कागलच्या एमआयडीसीत जातात, आपल्याकडची शिनोळीला.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आपला सीमाप्रश्नाचा महामेळावा, मग धरपकड, हे ठरलेलं. मी जातोच, पुढंही जाईन. पण त्याच आठवड्यात आमदारांना गाठून एवढी एक अट काढायला सांगायची का? कुठल्याही पक्षाचा आमदार चालेल. निवेदन मी लिहितो. कन्नडमध्ये कुणी करून देत असेल तर खाली सांगा.