मेन बंद केला अन् गेला ना भाऊ!

मे महिन्यात, नागपुरात, दुपारी दीड वाजता घराचा मेन पाडून ‘आलोच भाऊ, दहा मिनिटं’ म्हणत जो इलेक्ट्रिशियन निघून जातो, त्याच्यावर कोणतं कलम लागतं? कोणी वकील असेल तर सांगा. फी देतो.

काम केवढं? वीज मोजायचं एवढंसं यंत्र डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, बसवायचं. मेनच्या वायरीवर सीटीचा, म्हणजे करंट मोजणारा, क्लॅम्प अडकवायचा, फेज-न्यूट्रलच्या दोन बारीक वायरी जोडायच्या, संपलं. पण साहेबांकडे सहा अँपिअरची एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा छोटा स्विच, नव्हती. आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर यादी पाठवली होती, त्यावर अंगठाही आला होता! तरी एमसीबी आणायला साहेब सीताबर्डीला. जाता जाता इन्व्हर्टरही बंद केला. सेफ्टीसाठी म्हणे. गालात खर्रा, दातात टेस्टर, पायात चप्पल नाही, अन् हा माणूस मला सेफ्टी शिकवून राहिला.

कूलर बंद, पंखे बंद, आई डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलेली. साहेबांचा फोन व्यस्त.

आले एकदाचे. लावलं. मेन वर केला. आत एसी, हॉलमध्ये कूलर, स्वयंपाकघरात फ्रिज, सगळं धडाधड चालू, अन् यंत्राच्या मोबाइल ॲपवर शून्य वॅट. साहेबांचं निदान तयार: ‘माल डुप्लिकेट आहे भाऊ. ऑनलाइन घेऊ नका म्हणून मी सगळ्यांना सांगत असतो.’ मोबाइलचा टॉर्च मारून पाहतो, तर क्लॅम्पमध्ये फेज अन् न्यूट्रल दोन्ही वायरी कोंबलेल्या! अरे बाबा, एकीतून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो. क्लॅम्पच्या हिशेबी बेरीज शून्यच ना! फक्त फेज घ्यायची. पत्रकात चित्र आहे, चित्र! ते पत्रक साहेबांनी हात पुसायला घेतलं होतं.

मग फक्त फेज घेतली, पण क्लॅम्प उलटा. बाण घराच्या लोडकडे हवा, तो मीटरकडे. आता आकडा उणे. गच्चीवर सोलरचं एक पॅनल नाही अन् आम्ही वीज विकून राहिलो! यावर साहेब म्हणतात, ‘मग फायदाच आहे ना भाऊ.’

अन् यांच्यातला प्रत्येक जण झाकणाचा चौथा स्क्रू नेतो कुठे? माझ्या घरातला एकही बोर्ड चार स्क्रूंचा उरला नाही. मागचा एक भाऊ बाथरूमच्या लाइटचं बटण पॅसेजमध्ये देऊन गेला. आंघोळीला बसलं की येणारा-जाणारा अंधार करतो. भिंत फोडली की मलबा तिथेच, ‘झाडून घ्या मॅडम’ म्हणून मोकळे.

ॲपचं तर बोलायलाच नको. मोबाइल नंबर दे, ओटीपी दे, लोकेशन दे. डीबी काय रामटेकला पळून जाणार आहे? वायफाय २.४ गिगाहर्ट्झच हवं, ५ वालं त्याला दिसतच नाही. हेल्पलाइनवरची ताई म्हणते, राऊटर बंद करून चालू करा. ताई, दिवसभर तेच झालं, आमचं अख्खं घर बंद करून चालू केलंय.

हे सगळं कशासाठी? तर उन्हाळ्यात ३०० युनिटची पायरी ओलांडली की वरच्या प्रत्येक युनिटचा दर उडी मारतो, वर वहन आकार, स्थिर आकार, अन् त्या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हटलं, चोर घरातच पकडू.

पकडला. संध्याकाळपासून मी सोफ्यावर ग्राफ पाहत बसलोय. फ्रिजचा कंप्रेसर लागला की मी ओरडतो, ‘कोणी काय लावलं रे?’ पोरगी मला ‘मीटर रीडिंगवाले काका’ म्हणून राहिली. दीड टनाचा एसी तासाला दीड युनिटच्या आसपास खातो, हे मला आधीच माहीत होतं. त्याला हात लावायची हिंमत घरात कोणाचीच नाही, माझीही. मग सापडला कोण? सेट-टॉप बॉक्स! टीव्ही बंद असला तरी १२ वॅट, चोवीस तास. म्हणजे महिन्याला साडेआठ युनिट. मी विजयी मुद्रेने प्लगच काढला.

तो परत सुरू व्हायला इतका वेळ लागला की आईच्या सिरीयलचा अर्धा भाग गेला. आईने निकाल दिलाय: साडेआठ युनिटचे पैसे माझ्या पेन्शनमधून घे, पण त्या प्लगला पुन्हा हात लावशील तर पाहा.