टाचणीच तर होती!

बाण उपटून परत आलो तर स्टँडवर टेकवलेलं धनुष्य जागच्या जागी होतं, फक्त त्याची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, गायब होती. ती सापडली शेजारच्या लक्ष्यावर. तिथे एका काकांच्या टार्गेटच्या कागदाचा वरचा उजवा कोपरा तिने धरून ठेवला होता. "फडफडत होता हो फार," काका म्हणाले. "आणि तुमच्या धनुष्यात कुणाची तरी टाचणी घुसली होती. म्हटलं, काढून टाकू." एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान चेहऱ्यावर.

टाचणी होती हे खरं. पारंपरिक धनुष्यावर साइट म्हणजे बहुधा टाचणीच असते. लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) किंवा लाँगबोला (लांब, साधं धनुष्य) साइट बसवायला सहसा भोकं नसतात, आणि हौसेनं स्क्रू मारायला जाल तर मूठ उलायची. म्हणून धनुष्याच्या लक्ष्याकडच्या बाजूला, मुठीच्या वर, आधी कागदी चिकटपट्टी लावायची (लाकडाचं पॉलिश निघू नये म्हणून), तिच्यावर दाराच्या फटीला लावतात तसल्या चिकट फोमची बोटभर रुंद पट्टी, आणि त्या फोममध्ये रंगीत गोल डोक्याची टाचणी आडवी खुपसायची. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला तिचं डोकं डावीकडे खिडकीत (मुठीवरच्या, बाण जायच्या खाचेत) डोकावलं पाहिजे. झाली साइट. बाण वर लागले तर टाचणी वर, डावीकडे लागले तर टाचणी डावीकडे. बाण जिकडे जातो तिकडे टाचणीने जायचं. नवख्यांना हे हमखास उलटं वाटतं, मग ते टाचणी खाली नेतात, आणि पुढचे बाण लक्ष्याच्या मचाणावरून पलीकडे.

आता हिशेब बघा. डोळ्यापासून टाचणीपर्यंतचं अंतर साधारण ७५ सेंटीमीटर. लक्ष्य २० मीटरवर. म्हणजे टाचणी एक मिलीमीटर हलली की बाण जवळजवळ २७ मिलीमीटर हलतो. उंचीच्या खुणा चिकटपट्टीवर पेन्सिलने करून ठेवता येतात आणि त्या होत्याही; पण टाचणी किती बाहेर डोकावते, ही डावी-उजवी, तिची खूण कुठे करणार? फोमचं भोक तर टाचणी उपटताक्षणी मिटतं. तेव्हा काकांनी जे उपटलं ते सकाळभराचं काम होतं.

"अहो काका, ती साइट होती."

"साइट? पारंपरिक धनुष्याला?" त्यांनी टोपी मागे सरकवली. टोपीला पीस होतं. "मग सरळ दुर्बीणच लावा की! अर्जुनाला साइट होती का?"

हा प्रश्न येणार हे ठरलेलंच असतं. म्हटलं, अर्जुनाने पाण्यातलं प्रतिबिंब बघून वरचा मासा मारला असं सांगतात ना? म्हणजे आरसाच वापरला. आजच्या रिकर्व्हच्या नियमांत साइट चालते, पण तिच्यात भिंग किंवा प्रिझम चालत नाही. ते पाण्याचं भांडं घेऊन आला असता तर उपकरणं तपासणाऱ्यांनी त्याला दारातच अडवला असता.

"देवादिकांची थट्टा नको," काका म्हणाले. "मी तर नुसतं बघतो आणि सोडतो. उपजत आहे ते."

"बघता कुठे?"

"मध्यावर. दुसरीकडे कुठे बघणार?"

"आणि बाणाचं टोक?"

"ते खाली असतं आपलं."

"किती खाली?"

"वीस मीटरला दोन हात," काका तत्काळ म्हणाले. "तीसला जवळपास तेवढंच. चाळीसला वीत-दीड वीत. आणि त्रेचाळीसला टोक थेट मध्यावर."

याला उपजत म्हणत नाहीत, हे पाढे आहेत. आणि बरोबर पाढे आहेत! ज्या अंतरावर टोक मध्यावर येतं त्याच्या निम्म्याच्या आसपास हा फरक सगळ्यात जास्त असतो, तिथून पुढे कमी होत जातो. म्हणून वीस आणि तीसला तो सारखाच. काकांनी हे सगळं पाठ केलं होतं, फक्त त्याला नेम धरणं म्हणायचं नव्हतं.

मग मी त्यांचं धनुष्य पाहिलं. मुठीच्या वर, खिडकीच्या कडेला, गडद आणि फिकट लाकडाचे थर चिकटवून केलेली सुंदर नक्षी. दोन थरांच्या सांध्यावर नखाएवढी शाईची रेघ. "ही?"

"ती सजावट आहे."

जागतिक तिरंदाजी संघटनेच्या बेअरबोच्या (साइट नसलेल्या धनुष्याच्या) नियमांत नेमकी हीच सजावट बसत नाही. खिडकीच्या भागात नेमाला उपयोगी पडेल अशी खूण, डाग किंवा लाकडाचा थरही दिसता कामा नये, असं तिथे लिहिलेलं आहे. नियम करणाऱ्यांनी असले बरेच काका पाहिले असणार. शिवाय यांचे बाण कार्बनचे, नॉक (दोरीत अडकणारी बाणाची शेपटी) प्लॅस्टिकचे, धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवर फायबरग्लास, दोरी जवळजवळ न ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची. परंपरा फक्त माझ्या टाचणीपाशी येऊन अडली होती.

परंपरेचंच म्हणाल तर जुने लाँगबोवाले लक्ष्याच्या अलीकडे जमिनीवर खूण ठेवून तिच्यावर बाणाचं टोक धरत. १९व्या शतकात इंग्लंडच्या होरेस फोर्डने दोरी कानाकडे ओढण्यापेक्षा बाण बरोबर डोळ्याखाली आणा, असा आग्रह धरला. कशासाठी? नेम धरता यावा म्हणून!

गंमत अशी की काका ज्या टाचणीला फसवणूक समजतात ती बिचारी फार थोडं करते. ती दिशा सांगते. दोरी किती ओढली हे सांगत नाही, आणि पारंपरिक धनुष्याला क्लिकर (ताण पूर्ण झाला की टिक वाजणारी पट्टी) नसतो. पूर्ण ताणाजवळ एक इंच कमी ओढलं तर दोन-तीन पाउंड जातात आणि टाचणी लक्ष्याच्या पिवळ्या मध्यावर ठेवूनही बाण खाली बसतो. पूर्ण लाकडी धनुष्य असेल तर ते उन्हात मऊ पडतं. सकाळची खूण दुपारी खोटी ठरते. नवी दोरी ताणली जाऊन मुठीपासूनचं तिचं अंतर घटलं, तरी तेच. टाचणी फारच डावीकडे न्यावी लागत असेल तर दोष बहुतेक बाणाचा असतो: उजव्या हाताच्या तिरंदाजाचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक उजवीकडे. टाचणी सरकवून तो दोष झाकता येतो, बरा होत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून टाचणीकडे बघाल तर लक्ष्यं दोन दिसतात. बघायचं लक्ष्याकडे, टाचणी धूसरच राहू द्यायची.

धनुष्य तिरकं धरायची सवय तर टाचणीची वैरीण. बाणापासून टाचणी चार सेंटीमीटर वर असेल आणि धनुष्य १५ अंश झुकवलं, तर ती बाणाच्या मानाने सेंटीमीटरभर आडवी सरकते. वीस मीटरवर हे २७ सेंटीमीटर. त्यात डोकंही धनुष्याबरोबर झुकलं तर उत्तर आणखी बदलतं. साइट लावायची तर धनुष्य उभं धरा, नाहीतर दर वेळी तेवढंच झुकवा. दुसरं कुणाला जमत असेल तर जमो.

हे काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग लावता कशाला?"

कारण चूक दिशेची की ताणाची, हे तरी कळतं. नुसत्या 'उपजत'वाल्याला बाण चुकला एवढंच कळतं, आणि मग तो वाऱ्याला शिव्या घालतो. टाचणी त्यांनी परत दिली, हे नमूद करतो. वाकवून दिली.

खरी चीड मात्र नियमांची आहे. पारंपरिक गटात साइट नाही, लाँगबोला नाही, बेअरबोला नाही. टाचणी लावली की तुम्ही थेट रिकर्व्ह गटात: क्लिकर, स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारे दांडे) आणि मिलीमीटरने फिरणारी साइट घेऊन आलेल्या पोरांच्या रांगेत, ७० मीटरवर. आणि ७० मीटरवर टाचणीला जागाच उरत नाही. अंतर वाढेल तशी ती खाली येते. ओठांच्या कोपऱ्याशी अँकर (ओढलेला हात टेकवायची जागा) असेल आणि धनुष्य बेताचं असेल तर ४५च्या आत-बाहेर ती बाणालाच टेकते, पुढे मुठीवरचा हात आड येतो. तिन्ही बोटं बाणाखाली घेणाऱ्याचा बाण डोळ्याजवळ, म्हणून त्याची टाचणी आणखी लवकर संपते. अँकर हनुवटीखाली नेला तर चार-पाच सेंटीमीटर मिळतात, पण तोंडाशी ओढायची सवय मोडायला किती दिवस लागतात ते मोडणाऱ्याला विचारा. तोवर मचाणामागच्या झाडाचा एखादा शेंडा हेरायचा आणि टाचणी त्याच्यावर धरायची. झाडाला अजून कुणी साइट ठरवलेलं नाही, आणि ते उपटून कागदाला टोचताही येत नाही.