"बिघडलेली स्टिक गळ्यात मारली" या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

दादा, रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की बिघडलेली फायर टीव्ही स्टिक (टीव्हीला लावून नेटवरचं बघायची) गळ्यात मारली, हॉस्टेलच्या वायफायला लागतच नाही, बदलून देत नाहीत आणि वरून सेटिंगचे २०० रुपये घेतले. यातलं शेवटचं अगदी खरं आहे, ते पैसे मी घ्यायला नको होते. त्याचं खाली सांगतो.

स्टिक मात्र बिघडलेली नाही. दुकानातल्या टीव्हीला लावून, आमच्या वायफायवर चालवून तुमच्या डोळ्यांदेखत दाखवली होती. रात्री तुमचा फोन आला, "काका, कनेक्टच होईना की." मी म्हणालो, बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी म्हणालो, रिसेट मारा. पैठण गेटला दुकान टाकून बसलेल्या माणसानं असं अंदाजपंचे सांगणं बरोबर नव्हतं. विचारायचा प्रश्न एकच होता आणि तो बिल करायच्या आधीच विचारायला हवा होता: हॉस्टेलचं वायफाय मोबाइलवर जोडताना नुसता पासवर्ड मागतं, का आयडी आणि पासवर्ड दोन्ही?

तुमच्याकडं दोन्ही मागतं. घरी सगळ्यांना मिळून एक पासवर्ड असतो. कॉलेजात प्रत्येक पोराचा आयडी वेगळा, म्हणजे कुणी काय केलं ते कळतं. याला डब्ल्यूपीए-टू एंटरप्राइज म्हणतात. मोबाइल-लॅपटॉपला ते जमतं. स्टिकमध्ये आयडी टाकायला रकानाच नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बघा, एकच चौकट आहे. नवी कोरी बदलून दिली असती तरी तिथंच अडली असती, म्हणून नाही म्हणालो. काही हॉस्टेलांत वायफाय आधी जोडलं जातं आणि मग लॉगिनचं पान उघडतं. तिथं स्टिकवर रिमोटनं एकेक अक्षर दाबत आयडी टाकता येतो. जुन्या क्रोमकास्टला, म्हणजे गूगलच्या अशाच यंत्राला, तेही येत नाही.

आता करायचं काय? तुमच्या कॉलेजात नेट सांभाळणारे जे सर असतील त्यांना विचारा, टीव्हीसारख्या वस्तू मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या ओळख नंबरावर, नोंदवून घेता का. काही कॉलेजं घेतात, काही साफ नाही म्हणतात. हा नंबर १२ अक्षरांचा असतो, स्टिकच्या सेटिंगमध्ये माय फायर टीव्ही, अबाउट, नेटवर्क इथं सापडतो. नोंद झाली तरी मोबाइलवरून स्टिकवर कास्ट होईलच, म्हणजे मोबाइलवरचं टीव्हीवर दिसेलच असं नाही, कारण अशा नेटवर्कवर एका पोराचं यंत्र दुसऱ्याला दिसू नये अशी सोय केलेली असते. तेव्हा रिमोट हरवू नका, मोबाइलचा रिमोट तिथं चालायचा नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर स्टिक चालते. पण एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकात जेमतेम अर्धा तास निघेल. क्वालिटी खाली आणलीत तर एका तासाला १ जीबीच्या आसपास.

तुम्ही छोटा राउटर मागितला होता, तो मी मुद्दाम दिला नाही. विकला असता तर माझेच पैसे झाले असते. पण भिंतीतल्या पोर्टची वायर राउटरच्या चुकीच्या भोकात गेली की तो आपणच सगळ्यांच्या यंत्रांना आयपी (नेटवरचा पत्ता) वाटायला लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसतं. मग वॉर्डन खोल्या तपासत येतात.

आणि खरं सांगू? तुमच्याकडं लॅपटॉप आहे, तो हॉस्टेलच्या वायफायला जोडलेला आहे. तुम्हाला स्टिक लागतच नव्हती. लॅपटॉपला एचडीएमआय केबल लावली की टीव्हीवर दिसतं. हे तुम्ही काउंटरला उभे होतात तेव्हा सुचायला हवं होतं.

सील तुटलेली आणि तुमच्या अकाउंटवर नोंदलेली स्टिक मला परत घेता येत नाही, तेवढं समजून घ्या. घरी गावाकडं साधं वायफाय असेल तर तिथं ती लगेच चालेल. २०० रुपये पाकिटात घालून काउंटरला ठेवलेत, पाकिटावर तुमचा बिल नंबर आहे. पैसे नको असतील तर त्याच्या बदल्यात केबल न्या. मी नसलो तरी पोराला सांगून ठेवलंय. येण्याआधी लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे का तेवढं बघा, नव्या बारीक लॅपटॉपांना कधी कधी नसतं.