पाय माझा नव्हता

काल एका बारशाला घुगऱ्यांची वाटी हातात धरून कोपऱ्यात उभा होतो. एक पूर्ण अनोळखी गृहस्थ जवळ आले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारे जावई ते तुम्हीच ना?"

२२ वर्षं गाडी चालवतोय मी. एकदा सिग्नलचा दंड भरला, तेवढा सोडला तर कुठं नाव खराब नाही. आणि सासरच्या गोतावळ्यात आता माझी ओळख ही. नोकरी, हुद्दा, घराचे हप्ते, सगळं राहिलं बाजूला. लक्षात काय राहिलं, तर डावा पाय.

प्रकरण जानेवारीतलं. साताऱ्याला साखरपुडा, १४ वर्षांची डिझेल गाडी, आत मी, बायको, मुलगा, बायकोचे मामा आणि मामी. मानाने मामा पुढच्या सीटवर. शिरवळ गेलं, खंडाळा गेलं, खंबाटकीचा चढ लागला आणि इंजिनाचा आवाज वाढायला लागला. गाडी मात्र वाढेना. तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा ४,००० वर आणि वेग २५. लग्नघरात आरडाओरडा भरपूर आणि काम एकही पुढं सरकत नाही, तसं चाललं होतं. मग करपल्याचा वास आला. मागून मामी म्हणाल्या, "कुणाचं गं दूध उतू गेलं?"

दुसरा गिअर टाकला. वेग १५, मग आठ. अशात उजवीकडून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर गच्च ऊस, ऊसावर एक माणूस झोपलेला. तो आम्हाला ओव्हरटेक करून गेला. ट्रॅक्टरवाल्याने वळून पाहिलं, त्यात राग नव्हता. आजारी माणसाला भेटायला आल्यावर बघतात तसं बघितलं त्याने. माझ्या मुलाने खिडकीतून हात काढून ऊस ओढायचा प्रयत्न केला, त्यावरून तुम्हाला वेगाचा अंदाज येईल.

मामा ३२ वर्षं पाणीपुरवठा खात्यात होते. शांत माणूस, पण शांतता मोडली की पाइपलाइन फुटल्यासारखी मोडते.

"जावईबापू, क्लच सोडा."

"सोडलाय मामा."

"पूर्ण सोडा."

"पूर्णच सोडलाय."

"नाही, नाही. गाडी सांगतेय ना, पाय आहे म्हणून."

क्लचच्या पेडलवर पाय टेकलेला राहिला की क्लच अर्धवटच धरतो, इंजिन नुसतं ओरडतं आणि जोर चाकांपर्यंत पोचत नाही, म्हणून हा संशय. मी म्हटलं, बघा. तर मामा खरोखरच पट्टा काढून खाली वाकले आणि माझ्या पायाची पाहणी करू लागले. पाय क्लचपासून वीतभर लांब, शेजारच्या फूटरेस्टवर. मामांचं समाधान होईना. शेवटी मी डावा पाय उचलून सीटवरच दुमडून घेतला, जेवायला पाटावर बसतात तसा. खंबाटकीचा चढ, मागे ट्रकांची रांग, आणि मी एका पायावर मांडी घालून गाडी चालवतोय. याहून भक्कम पुरावा कोणता देणार? मामांनी दुमडलेल्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सवय असते हो. आपलं आपल्याला कळत नाही."

बायको मागून म्हणाली, "खरंच ठेवतात हो मामा, मीही पाहिलंय." लग्नाला १७ वर्षं झाली आमच्या.

कडेला जागा दिसली तिथं गाडी घेतली आणि बॉनेट उघडलं. मामांनी विचारलं, "क्लच वायरवरचा का हायड्रॉलिक?" मी म्हटलं हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा. मामांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी स्वतःच्या खात्यातलं काहीतरी समोर आलं होतं.

"हायड्रॉलिक म्हणजे शेवटी पाणीच," मामा म्हणाले. "लाइनीत हवा धरलीय."

मग मामांनी सांगितलं ते असं. पाइपलाइन चढावर गेली की हवा उंच जागी जाऊन बसते, म्हणून टेकाडावर एअर व्हॉल्व्ह लावतात. नळाला आधी फुस्स फुस्स होऊन मग पाणी येतं, ते यामुळेच. आता आपण कुठं आहोत? घाटात. घाट म्हणजे? चढ. मग हवा कुठं जाणार? इतका बिनतोड युक्तिवाद मी कोर्टातसुद्धा ऐकलेला नाही, आणि तो मुळापासून चुकीचा होता. क्लचच्या लाइनीत हवा शिरली तर पेडल भुसभुशीत होऊन खाली जातं, क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन चाकांपासून वेगळं होत नाही, आणि गिअर पडताना ओरडतात. आमच्याकडे गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. आमचा क्लच सुटत नव्हता असं नाही, तो धरतच नव्हता. नेमका उलटा रोग. पण बायकोच्या मामांना जावयाने हायड्रॉलिक शिकवायचं नसतं.

मामांनी क्लच ऑइलच्या बारक्या डबीचं झाकण उघडलं. आत डोकावले. कान लावला. "आता हवा जाऊ द्या," म्हणाले आणि मामींनी आणलेले तिळाचे लाडू काढून दगडावर बसले. ४० मिनिटं आम्ही हवा जाण्याची वाट बघत बसलो.

आणि गाडी नीट चालली! एका दमात वर, सुरूर, आनेवाडीचा टोल, सातारा. मामा संध्याकाळपर्यंत कमीत कमी नऊ जणांना सांगत होते: झाकण उघडलं, हवा गेली, विषय संपला. आणि आवाज थोडा खाली आणून, "मूळ कारण पाय."

हायड्रॉलिकचं सगळं शास्त्र ज्या पास्कलच्या नियमावर चालतं, तो सांगतो की बंद द्रवावर दाब दिला की तो सगळ्या दिशांना सारखा पसरतो. पास्कलला सासर नव्हतं. लग्नच केलं नाही बिचाऱ्याने. नाहीतर कौटुंबिक दाब सगळ्या बाजूंनी जमा होऊन एकाच माणसावर पडतो, हे त्याच्या लक्षात आलं असतं. याच गृहस्थाने १६६२ साली पॅरिसमध्ये भाड्याच्या घोडागाड्या ठरलेल्या मार्गांवर, ठरलेल्या वेळी सोडायची योजना चालू केली. म्हणजे हायड्रॉलिक समजलेला माणूससुद्धा शेवटी बसच्या बाजूचा निघाला. मी एसटीने जायला हवं होतं.

परत आल्यावर गॅरेज. सकाळी नेली. कारागिराने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, क्लच सोडला, इंजिन धाडकन बंद पडलं. "क्लच धरतोय साहेब, गाडीत काही नाही." चार दिवसांनी पुन्हा घसरला, पुन्हा नेली, पुन्हा सकाळी, पुन्हा ठणठणीत. डॉक्टरकडे गेलं की दाढदुखी थांबते, तशी गाडी. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, सेट टाकून घ्या. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, गिअरबॉक्स उतरवायची मजुरी, मिळून साडेअकरा हजार. पैसे घेताना जळकी प्लेट दाखवून म्हणाला, "पाय ठेवता तुम्ही क्लचवर." जुना माल पिशवीत घालून डिकीत ठेवला. अजून आहे तिथं. फेकवत नाही.

नव्या सेटवर आठव्या दिवशी कात्रजच्या चढाला क्लच घसरला.

तेव्हा ऑफिसातल्या शिपायाने एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे पाठवलं. त्याने पहिलं वाक्य काय उच्चारलं? "गार आणू नका. तासभर पळवून, तापवून आणा." एवढं साधं. तीन वेळा गॅरेजमध्ये गेलो, कुणाच्या डोक्यात आलं नाही. तापवून नेली. तो पान्हा घेऊन खाली सरपटला आणि गिअरबॉक्सजवळच्या क्लचच्या सिलेंडरचं निपल, म्हणजे लाइनीतली हवा काढायचा बारका स्क्रू, जरासं सैल केलं. चिर्रकन ऑइलची पिचकारी. खालून मिस्त्री ओरडला, "पाय कोणी ठेवला रे क्लचवर?"

मी गाडीच्या बाहेर उभा होतो. दोन्ही पाय जमिनीवर. गाडीत कुणी नव्हतं.

माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाचे क्षण फार आलेले नाहीत.

निपल पुन्हा आवळलं, फेरी मारली, क्लच घट्ट. दाब लाइनीतच अडकत होता. पेडल पूर्ण वर आलं की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलेंडरातलं एक बारीक भोक उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल तिथून परत डबीत जातं. आमच्या पेडलचा रॉड एवढा पुढं आवळला होता की पिस्टन कायम जरासा दाबलेला, भोक कायम झाकलेलं. मग डबीचं झाकण उघडा नाहीतर घराचं दार उघडा, काय फरक पडणार? इंजिन तापलं, ऑइल फुगलं, जायला वाट नाही, म्हणून क्लच आपोआप दाबला जायचा. गार झालं की पुन्हा धरायचा. घाटातली ती ४० मिनिटं आणि लाडू, त्याचं रहस्य हेच. मिस्त्रीने लॉकनट सैल करून रॉडला दोनतीन मिलिमीटर ढील दिली. दहा मिनिटं, ३०० रुपये.

रॉड आवळला कुणी? डिसेंबरात सर्व्हिसिंगला टाकली होती तेव्हा त्याच पहिल्या गॅरेजमध्ये म्हणाले होते, "पेडल जरा वर उचलून दिलंय साहेब, चालवायला मजा येईल. त्याचे पैसे नाही लावले." आधी फुकटात बिघडवली, मग बिघडल्याचे साडेअकरा हजार घेतले, आणि वर पाय माझा! मी बोलायला गेलो तर मालक म्हणाला, प्लेट जळाली होतीच ना? जळाली होती हो. पण कशामुळे? त्यावर, "साहेब, गर्दी आहे, नंतर या." मी नंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा गर्दी होती.

मामांना त्याच रात्री फोन केला. रॉड, पिस्टन, भोक, पिचकारी, सगळं सांगितलं. मी बाहेर उभा होतो हे दोनदा सांगितलं. मामांनी मनापासून ऐकून घेतलं. "म्हणजे लाइन चोकप होती," म्हणाले. "अडकलेलं बाहेर काढलं, बरोबर? मी तेच म्हणत होतो." मी म्हटलं, पण मामा, पायाचं काय? ते म्हणाले, "जाऊ द्या हो, होतं असं."

तर काल त्या घुगऱ्यावाल्या गृहस्थांना मी हे पहिल्यापासून सांगायला घेतलं. रॉडपर्यंत आलो होतो, इतक्यात मागून मामा आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना म्हणाले, "आता नाही ठेवत हो. मोडली सवय."