टोपलीची इमारत: ती विणलेली नाही आणि पाडलेलीही नाही

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नेवार्क इथे टोपलीच्या आकाराची सात मजली इमारत आहे. लाँगाबर्गर या टोपल्या बनवणाऱ्या कंपनीचं हे मुख्यालय होतं. कंपनीच्या जुन्या प्रचाराच्या व्हीएचएस कॅसेटमधले तुकडे सध्या फिरताहेत आणि सोबत सांगितलं जातंय, की ही इमारत खऱ्या लाकडी पट्ट्यांनी विणली होती आणि कंपनी बुडाल्यावर पाडली. दोन्ही चूक.

मेपलच्या पट्ट्यांनी विणल्या जायच्या त्या विकायच्या टोपल्या. इमारतीचा सांगाडा पोलादी आहे आणि बाहेरची 'वीण' म्हणजे गिलावा. व्हीएचएसवर आडव्या दिशेनं जेमतेम २४० रेषांइतकाच तपशील उमटतो, त्यामुळे गिलाव्याच्या कडा पुसट होऊन तो हुबेहूब लाकडासारखा दिसतो. डोळा फसणारच. वरचे दोन दांडे मिळून सुमारे १५० टनांचे. त्यांच्यावर बर्फ साचून नुकसान होऊ नये म्हणून ते गरम ठेवायची सोय केलेली आहे. माझ्या मते विणकामाच्या दंतकथेपेक्षा ही खरी करामत कितीतरी मोठी.

इमारत १९९७ मध्ये सुरू झाली. कर्मचारी २०१६ मध्ये तिथून हलले, २०१७ मध्ये ती विकली गेली आणि २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. पाडकाम झालेलं नाही. कॅसेट जरूर बघा, पण ती 'पाडली'ची ओळ कृपया पुढे पाठवू नका.