‘हलके काम’ ही पळवाट आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कामावर झालेली इजा त्याच दिवशी नोंदवावी आणि पूर्ण बरे होण्याची वाट न पाहता, डॉक्टरांची हरकत नसेल तर मर्यादित कामावर परतावे, असे मी मागच्या लेखात म्हटले होते. त्यावर आपले दोन आक्षेप आहेत. हलके काम म्हणजे जखमी माणसाला खुर्चीत बसवून कागदावर ‘रजा शून्य’ दाखवण्याची व्यवस्थापनाची पळवाट आहे, हा पहिला. आणि इजा नोंदवणाऱ्याच्याच मागे चौकशीचा ससेमिरा लागतो, त्यामुळे माझा सल्ला लिहायला सोपा पण पाळणाऱ्याला महागात पडणारा आहे, हा दुसरा. आपला सूर कडक असला तरी आक्षेप निराधार नाहीत. पहिला तर मी लेखातच मांडायला हवा होता.

त्याला बळ देणारा तपशील मीच पुरवतो. अमेरिकेतील नोंदनियमांनुसार जखमेला टाके घातले तर ती वैद्यकीय उपचाराची इजा म्हणून नोंदवहीत जाते. तीच जखम चिकटपट्ट्यांनी ओढून बंद केली तर तो प्रथमोपचार ठरतो आणि दुसरे काही कारण नसेल तर नोंद करावी लागत नाही. मनगटाला लवचीक पट्टी गुंडाळली तर प्रथमोपचार, ताठ आधार बांधला तर उपचार. अशी रेघ कुठेतरी आखावीच लागते हे मला मान्य आहे, पण ती आखली की तिच्या अलीकडे राहण्याची धडपडही सुरू होते. मात्र याच नियमांत मर्यादित कामाचे दिवस गैरहजेरीच्या दिवसांपासून वेगळ्या रकान्यात मोजावे लागतात, म्हणजे हलके काम दिल्याने इजा वहीतून पुसली जात नाही. ती पुसली जाते कारखान्याच्या प्रवेशद्वाराजवळ सुरक्षिततेचा आकडा दाखवणाऱ्या फलकावरून, कारण त्या फलकावरचा आकडा फक्त घरी बसलेल्यांचे दिवस मोजतो. आणि त्या आकड्यावर सगळ्या विभागाचे बक्षीस ठरत असेल, तर लंगडत का होईना पण हजर राहा, असे सांगायला वरिष्ठांची गरजही उरत नाही, शेजारचे सहकारीच ते सांगतात. दोष फलकाचा आहे.

मग माणसाला सरळ घरीच का पाठवू नये, असे आपण विचारता. कारण विश्रांती हे प्रत्येक इजेवरचे औषध नाही. फिनलंडमध्ये तीव्र कंबरदुखी असलेल्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि 1995 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा, दुखणे सोसवेल तेवढे नेहमीचे हिंडणे-फिरणे चालू ठेवणारे लवकर सुधारले. 1998 च्या एका आढाव्यात, बदललेले काम देऊ केलेले जखमी कामगार तसे काम न मिळालेल्यांच्या सुमारे दुपटीने कामावर परतल्याचे दिसते. या दुसऱ्या निष्कर्षाबद्दल मी थोडा सावध आहे, कारण जिथे असे काम देऊ केले जाते तिथले वातावरण मुळातच बरे असण्याची शक्यता असते. शिवाय मोडलेल्या हाडाला किंवा डोक्याला बसलेल्या माराला कंबरदुखीचा न्याय लावता येत नाही.

खरा घोटाळा ‘हलके’ या शब्दात आहे, आणि तो मी स्वतः भोगला आहे. काही वर्षांपूर्वी पेटी घसरून माझे उजवे मनगट मुरगळले. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोनच शब्द लिहिले, ‘हलके काम’. सुपरवायझरनी सद्भावनेनेच मला लेबले चिकटवायला बसवले. लेबलाला वजन कसले? पण दर सहा सेकंदांना एक म्हटले तरी तासाला सहाशे होतात, आणि प्रत्येक वेळी अंगठा व तर्जनीने कडा सोडवायची, मनगट वळवायचे आणि तळव्याने दाबायचे. चौथ्या दिवशी मला पेन धरवेना. पुढच्या चिठ्ठीत दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिले, ते मला आजही तोंडपाठ आहे: उजव्या हाताने दोन किलोपेक्षा जास्त उचलू नये, चिमटीची पुनरावृत्ती नको, मनगट वळवण्याचे काम नको, डाव्या हातावर बंधन नाही, दोन आठवड्यांनी फेरतपासणी. या चिठ्ठीचा अर्थ लावण्याची गरजच नव्हती. मला तपासणीच्या नोंदी डाव्या हाताने संगणकावर भरायला दिल्या; काम कंटाळवाणे होते, पण मनगट सुधारले.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2002 च्या प्रोटोकॉलनुसार अपघात कळवल्याबद्दल कामगारावर शिस्तभंगाची किंवा सूडाची कारवाई करण्यापासून मालकाने दूर राहणे अपेक्षित आहे. कागदावरचे हे संरक्षण प्रत्येक ठिकाणी उतरतेच असे नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. पण न नोंदवण्याची किंमत नोंदवण्याच्या किमतीपेक्षा उशिरा कळते, म्हणून ती स्वस्त वाटते. खांद्याचे दुखणे तीन आठवड्यांनी वाढले आणि तेव्हा सांगितले, तर पहिला प्रश्न ‘हे घरी झाले नसेल कशावरून?’ हाच येतो, आणि त्या वेळी दाखवायला हातात काही नसते. म्हणून मुका मार असला तरी त्याच शिफ्टमध्ये चार ओळी लिहून द्याव्यात: किती वाजता, कुठे, कोणता अवयव, नेमके काय करत असताना आणि जवळ कोण होते. प्रत आपल्याकडे ठेवावी. ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असे शब्द, कोणी कितीही सहजपणे सांगितले तरी, त्यात घालू नयेत. कारण शोधणे हे चौकशीचे काम आहे, निवेदनाचे नाही.

‘एवढी एकच पेटी उचल’ असे सुपरवायझर म्हणाला तर काय करायचे, हा आपला शेवटचा प्रश्न. चिठ्ठी दाखवावी आणि ती मर्यादा बदलायची असेल तर डॉक्टरांकडून लेखी आणावी, एवढेच म्हणावे. यासाठी चिठ्ठीची प्रत खिशात हवी; कार्यालयाच्या फाइलमध्ये ठेवलेली त्या क्षणी उपयोगी पडत नाही. माझ्या मूळ लेखात ‘योग्य ते हलके काम सुपरवायझरने ठरवावे’ असे वाक्य होते. ते आपल्या प्रतिक्रियेनंतर मी काढून टाकले असून, त्या जागी डॉक्टरांनी कोणत्या हालचाली वर्ज्य आहेत आणि किती तारखेपर्यंत, हे लिहून द्यावे, अशी दुरुस्ती केली आहे.